झाडू मारणं हे म्हणे ‘कोअर’ काम नाही

दरवर्षी 4 मार्चला आमच्याकडे राष्ट्रीय सुरक्षा दिन होतो. शपथ, भाषण, मग समोसा आणि कागदी कपात चहा. भाषणात एक तरी साहेब ती गोष्ट सांगतोच. केनेडी नासात गेले, झाडू घेतलेल्या माणसाला विचारलं काय करतोस, तर तो म्हणाला मी माणसाला चंद्रावर पाठवायला मदत करतोय. टाळ्या. आम्ही हाउसकीपिंगवाल्या मागच्या रांगेत उभ्या असतो, सगळे आमच्याकडे वळून हसतात. मीही हसून घेते. पण ती गोष्ट मला काडीची आवडत नाही. तो माणूस कायम होता की ठेकेदाराचा, हे त्या गोष्टीत कुणीच विचारत नाही.

मी विमानांच्या एका मोठ्या कारखान्यात सफाईचं काम करते. नाव लिहिणार नाही, ओळखीच्यांनी कमेंटमध्येही लिहू नका. ठेकेदाराच्या माणसाची नोकरी जायला एक फोन पुरतो.

आज लिहायला बसले ते लेबर कोडमुळे. जुने कामगार कायदे एकत्र करून केंद्रानं चार कोड केले, ते 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाले. त्यातल्या सुरक्षा-आरोग्यवाल्या 2020 च्या कोडात म्हटलंय की कारखान्याच्या ‘कोअर’ म्हणजे मूळ कामाला, काही अपवाद सोडले तर, ठेकेदारीचे कामगार लावता येणार नाहीत. वाचून आधी बरं वाटलं. मग आमच्या युनियनच्या दादांनी व्याख्या वाचून दाखवली. झाडणं, पुसणं, धूळ काढणं, कचरा उचलणं हे सगळं कोअरमधून नावानिशी वगळलेलं आहे. सोबतीला वॉचमन, कँटीन, बागकाम. म्हणजे कंपनी सफाईचाच धंदा करत असेल तर सफाई कोअर, एरवी नाही. विमान बनवणाऱ्या कारखान्यात झाडू मारणं हे विमान बनवण्याचा भाग नाही, असा त्याचा सरळ अर्थ. कायदा लिहिणाऱ्यांना एकदा आमच्या हँगरात फर्स्ट शिफ्टला उभं करावं असं फार वाटलं.

आमच्याकडे दिवस सुरू होतो तो फॉड वॉकनं. फॉड म्हणजे विमानात किंवा विमानाच्या आसपास जे असायला नको ते. रिव्हेट, वॉशर, लॉकवायरचा (नट-बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधतात ती तार) तुटका शेपटा, पेनाचं टोपण, चॉकलेटचा कागद. सगळे एका रांगेत खांद्याला खांदा लावून, माना खाली घालून, पावलापावलानं पुढे सरकतात. इंजिनिअरही असतो, फिटरही असतो, आम्हीही. दिवसातली ती पंधरा-वीस मिनिटं सगळे सारखे. पुढे तेच काम दिवसभर आमच्या डोळ्यांवर येतं. फिटर ड्रिल मारून पुढच्या भोकाकडे जातो, त्याच्या मागे राहिलेला कीस आमचा. त्याला शॉपवर सगळे चिप्सच म्हणतात.

बाहेरच्यांना वाटतं चुंबकाची ट्रॉली फिरवली की झालं. आमच्याकडे ती आहे, चाकांवरची, खाली लांब पट्टी. पण विमानात लोखंड किती? रिव्हेट बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचे, चांगले फास्टनर टायटेनियमचे. चुंबकाला दोन्ही दाद देत नाहीत. लॉकवायर स्टेनलेसची, तीही नीट चिकटत नाही. म्हणून शेवटी व्हॅक्यूम, गुडघे आणि नजर. कार्बन फायबर घासतात तिथे तर झाडू चालतच नाही, झाडला की तो भुगा हवेत उडतो आणि छातीत जातो. तिथे बारीक फिल्टरचा व्हॅक्यूमच हवा. टायटेनियमचा बारीक चुरा वेगळ्या डब्यात, कारण तो पेट घेतो, आणि त्यावर पाणी मारायचं नसतं. हे सगळं ‘झाडलोट’ या एका शब्दात कोंबून टाकलंय.

आणि आम्ही स्वतः? आत जाताना बांगड्या बाहेर. मंगळसूत्र एक तर काढा नाही तर शर्टच्या आत टेपनं चिकटवा. साडी नाही, त्यामुळे साडीच्या पिनाही नाहीत. केसांना साधा रबर, वर टोपी. टिकलीसुद्धा नाही, घामानं सुटून पडली तर तीही फॉडच. पहिल्या आठवड्यात एकीची सासू भांडायला गेटवर आली होती, सवाष्ण बाईला बोडकं कपाळ घेऊन कामाला कसं लावता म्हणून. सुपरवायझर बिचारा घामाघूम. मला विचाराल तर हा नियम बरोबर आहे. फायटर विमान आकाशात उलटं होतं तेव्हा कॉकपिटच्या तळाशी पडलेली प्रत्येक वस्तू सुटून वर येते. त्यातली एक जरी कंट्रोलच्या दांड्यात अडकली तर पायलटनं काय करायचं? पण ज्या बाईला देशाच्या विमानासाठी मंगळसूत्र टेपनं चिकटवायला लावता तिचं काम कोअर नाही, हे तिला तोंड वर करून सांगताना काहीच वाटत नाही का?

ज्यांना हे अती वाटतंय त्यांच्यासाठी. 25 जुलै 2000 ला पॅरिसहून उडालेलं कॉन्कॉर्ड कोसळलं, विमानातले 109 आणि जमिनीवरचे 4 जण गेले. आधी उडालेल्या दुसऱ्या विमानाची एक धातूची पट्टी, जेमतेम हातभर, धावपट्टीवर पडली होती. तिच्यावरून टायर गेला, फाटला, त्याचा तुकडा पंखातल्या टाकीवर आदळला आणि आग लागली. ती पट्टी टायटेनियमची होती. माझ्या चुंबकाच्या ट्रॉलीनं ती उचललीच नसती. 2019 मध्ये अमेरिकेच्या हवाई दलानं बोइंगची केसी-46 टँकर विमानं ताब्यात घेणं मध्येच थांबवलं होतं, कारण नव्याकोऱ्या विमानांत सुटी हत्यारं आणि कचरा सापडत होता. पुढच्या वर्षी उभ्या करून ठेवलेल्या 737 मॅक्सच्या इंधनाच्या टाक्यांत चिंध्या न् काय काय निघालं. जगातली एवढी मोठी कंपनी, पैशाला कमी नाही. साफसफाई कुणीतरी करेल म्हणून सोडली की तिथेही हेच होतं.

आमच्याकडचा एक प्रसंग सांगते. शिफ्ट संपताना टूल मोजतात. प्रत्येक हत्याराला ट्रेमध्ये त्याच्या आकाराचा खाचा असतो, एक खाचा रिकामा दिसला की सगळं जागच्या जागी थांबतं. त्या दिवशी स्क्रू ड्रायव्हरचा एक बिट कमी होता. नखाएवढा. बे, म्हणजे हँगरातली विमान उभं असतं ती जागा, बंद, कुणी घरी जायचं नाही. मी एक सवय लावून घेतलेली आहे: प्रत्येक बेचा कचरा वेगळ्या पिशवीत, पिशवीवर मार्करनं बे नंबर आणि वेळ. हे मला कुणी सांगितलेलं नाही, ठेकेदाराचा मुकादम तर पिशव्या जास्त लागतात म्हणून कुरकुर करायचा. त्या दिवशी त्या पिशव्या पांढऱ्या ताडपत्रीवर ओतल्या आणि आम्ही तिघी आणि क्वालिटीचा एक मुलगा मिळून चिमट्यानं चाळत बसलो. बिट निघाला नाही. फिटरांचे चेहरे पडले, पण क्वालिटीचे साहेब म्हणाले, मावशी, पिशव्यांची खात्री आहे ना? मी म्हटलं, आहे. मग जमिनीवर पडून कचऱ्यात गेला असेल हा रस्ता बंद झाला. उरलं एकच, तो विमानात आहे. पॅनल उघडायला घेतले. रात्री उशिरा सांगाड्याच्या एका रिबच्या मागे वायरच्या जुडग्यात तो सापडला.

बिट सापडल्याचा जो कागद झाला त्यावर कुणाकुणाच्या सह्या झाल्या ते मी पाहिलं. फिटर, सुपरवायझर, क्वालिटी. माझी नाही. मी सही करू शकत नाही, मी त्या कारखान्याची माणूसच नाही. चाळायला बसवलं तेव्हा होते.

आता कोअर नसण्याचा रोजचा हिशेब. दर दोन-तीन वर्षांनी टेंडर निघतं, ठेकेदार बदलतो. माणसं तीच, हँगर तेच, झाडूसुद्धा तेच. नवीन फक्त गळ्यातलं कार्ड, आणि कार्डावर जॉइनिंगची नवीन तारीख. ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात, ती आमची कधी भरतच नाहीत. प्रत्येक वेळी दोन-चार जुन्या बाया गळतात, नव्या येतात. कुठल्या बेमध्ये चिप्स कुठे साचतात, कोणता फिटर खिशात रिव्हेट ठेवून फिरतो, हे जुनीला माहीत असतं. ते तिच्याबरोबर गेटबाहेर जातं. यात नुकसान फक्त बाईचं होतं असं ज्याला वाटतं त्यानं वरचा बिटचा किस्सा पुन्हा वाचावा.

पेंटशॉपचं तर बोलायलाच नको. तो हिरवट-पिवळा प्रायमर असतो ना, त्यात क्रोमेट असतं, त्यानं फुप्फुसाचा कॅन्सर होतो, हे काही गुपित नाही, भिंतीवरच्या पाटीवर लिहिलेलं आहे. पेंटरला पूर्ण सूट, हवेच्या नळीचा मास्क, ठरावीक मुदतीनं तपासणी. तो काम करून गेला की खाली बसलेली तीच धूळ काढायला आम्ही, कापडी मास्क लावून. धूळ माणसाचं कार्ड बघून आत जाते का? कंपनीच्या डॉक्टरला विचारलं तर म्हणाले तुमची तपासणी तुमच्या ठेकेदारानं करायची. ठेकेदाराला विचारलं तर म्हणाला बीपी बघितलं होतं की तुमचं.

दादांकडून एक जुनी कहाणी कळली, ती इथे मुद्दाम लिहिते, कारण आपल्यापैकी कित्येकांना ठाऊक नाही. 9 डिसेंबर 1976 ला केंद्र सरकारनं आदेश काढला होता की केंद्राच्या अखत्यारीतल्या आस्थापनांच्या इमारतींत झाडणं, पुसणं, धूळ काढणं आणि राखण यांसाठी ठेकेदारी बंद. त्या आदेशाच्या जोरावर मुंबईत एअर इंडियाकडे ठेकेदारीवर सफाई करणारे कामगार लढले आणि 1996 मध्ये सुप्रीम कोर्टात जिंकले. कोर्ट म्हणालं, ठेकेदारी बंद झाली तर या कामगारांना मुख्य मालकानंच घ्यायचं. विमान कंपनीचे झाडूवाले, लक्षात घ्या! पण 30 ऑगस्ट 2001 ला पाच न्यायमूर्तींच्या पीठानं स्टील अथॉरिटीच्या खटल्यात तो निकाल फिरवला, आणि 1976 चा आदेशही रद्द केला, का तर तो काढताना सरकारनं प्रत्येक ठिकाणच्या कामाचा नीट विचार केला नव्हता.

मला इथे कोर्टावर चिडण्यापेक्षा एक गंमत दिसते. सगळ्या सफाईला सरसकट कायम करणं चूक, कारण जागोजागचा विचार केला नाही. बरं, मान्य. मग नव्या कोडात सगळ्या सफाईला सरसकट कोअरच्या बाहेर ढकलताना जागोजागचा विचार कुणी केला? बँकेची फरशी आणि विमानाच्या पोटाखालची फरशी एकच?

एचआरचे एक साहेब, माणूस चांगला आहे, मला म्हणाले की ताई, जगात सगळीकडे सफाई आउटसोर्सच असते, कंपनीनं विमान बनवायचं की झाडूवाल्यांचे पगार काढायचे? त्यांचं थोडं पटतं मला. ऑफिसची बिल्डिंग, गेस्ट हाउस, पार्किंग, तिथे द्या ठेका. तिथल्या बायांना पगार आणि पीएफ नीट मिळावा, त्याचं भांडण वेगळं. पण असेंब्ली हँगर, पेंटशॉप, इंजिन बे, धावपट्टीकडचं काँक्रीट, इथली सफाई क्वालिटी खात्याखाली आली पाहिजे आणि ती करणारी माणसं कारखान्याच्या पगारावर असली पाहिजेत. एवढंच म्हणणं आहे, याहून जास्त नाही.

आणखी एक, नको असलं तरी लिहिते. आमच्यात हँगर मिळाला की ‘चांगली ड्युटी’. संडासाची ड्युटी कुणाला, तर मुकादम आडनाव बघून ठरवतो. तोंडानं बोलत नाही, यादी बोलते. मला हँगर मिळाला तो मी हुशार म्हणून मिळाला असं मी बरेच दिवस समजत होते. माझ्याबरोबर लागलेली, माझ्यापेक्षा जास्त शिकलेली एक जण अजून संडासच धुते. कोअर-बिगरकोअर नंतर, आधी आपल्यातलं हे वरचं-खालचं कोण मिटवणार? युनियनच्या बैठकीत हा विषय काढला की सगळे चहा प्यायला उठतात.

पुढच्या टेंडरचे कागद लवकरच निघतील. कायदा बदलेपर्यंत वाट बघत बसता येत नाही म्हणून आम्ही तीन गोष्टी लेखी मागितल्यात. ठेकेदार बदलला तरी जुन्या बायांना तिथेच ठेवायचं आणि जॉइनिंगची मूळ तारीख धरायची. पेंटशॉप आणि कार्बनच्या भागात काम करणाऱ्यांची तपासणी पेंटरांच्याच यादीत. आणि फॉडचं ट्रेनिंग मराठीत, प्रत्यक्ष हँगरात उभं राहून. सध्याचं अर्ध्या तासाचं इंग्रजी स्लाइडवालं नको, त्यात निम्म्या जणी पेंगतात आणि शेवटी सगळ्या सही करतात. अर्जावर आत्तापर्यंत सही करणाऱ्यांत चार कायम फिटरही आहेत. ज्या दिवशी तो बिट हरवला होता त्या बेमधलेच.

दुसऱ्या कारखान्यांत अशी अट टेंडरमध्ये घालून घेतलेली असेल, एअरपोर्टवर, रेल्वेच्या शेडमध्ये, कुठेही, तर त्याची प्रत मला मेसेंजरवर पाठवा. वाक्यरचना नेमकी कशी केली ते बघायचंय, आमच्या पर्चेसवाल्यांना ‘असं कुठेच नसतं’ म्हणायची फार सवय आहे.