आवाज येतो, शब्द येत नाहीत

मला कमी ऐकू येतं. हे वाक्य चारचौघांत म्हणायला मला सहा वर्षं लागली, तेव्हा आज जरा लांबण लावली तर चालवून घ्या.

त्या सहा वर्षांत मी एक कला कमावली होती. समोरचा हसला की हसायचं, त्याने भुवया उंचावल्या की "हो ना!" म्हणायचं. एकदा खूप गलका होता आणि ओळखीच्या एक बाई काहीतरी सांगत होत्या. मी सवयीने हसून म्हणाले, "अरे वा, छान!" त्यांचा चेहरा उतरला. त्या भावाच्या आजारपणाबद्दल बोलत होत्या. दुसऱ्याच दिवशी मी कान तपासायला गेले.

तपासणीचा आलेख हातात आला तेव्हा कुठे कोडं उलगडलं. खालच्या पट्टीतले आवाज मला बऱ्यापैकी ऐकू येतात, वरच्या पट्टीतले गेलेत. आता गंमत अशी, की आ, ओ, ऊ हे स्वर मुख्यतः खालच्या पट्टीत असतात आणि दणदणीत असतात. स, श, फ, थ ही मंडळी बारीक आणि वरच्या पट्टीतली. त्यामुळे कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते नाही. सात, साठ, साफ, साथ, माझ्यासाठी सगळा एकच 'आ'. बाकीचं मेंदू अंदाजाने भरतो. दिवसभर शब्दकोडं सोडवत बसल्यासारखं होतं, आणि संध्याकाळी मी खोलीत जाऊन पडले की लोक म्हणतात, माणूसघाणी झालीय.

म्हणून ओरडू नका. ओरडल्याने स्वर फुगतात, व्यंजनं तिथेच राहतात. वर आतल्या कानाच्या बिघाडात हळू आवाज ऐकूच येत नाही आणि मोठा एकदम असह्य होतो. घरातली म्हातारी माणसं आधी "मोठ्याने बोल" म्हणतात आणि लगेच "ओरडतोस कशाला?" म्हणून चिडतात, तो खवचटपणा नव्हे. त्यापेक्षा आधी हाक मारा, समोर येऊन उजेडात बोला. नाही कळलं तर तेच वाक्य चढत्या आवाजात म्हणण्याऐवजी दुसऱ्या शब्दांत सांगा.

आणि "काही नाही, जाऊ दे" हे तेवढं बंद करा. अख्खं टेबल हसत असतं, मी विचारते "काय झालं?", आणि उत्तर येतं, "काही विशेष नाही गं." विशेष नसेलही. पण ते मला ठरवू द्या ना! बहिरेपणाची चेष्टा मी पचवली, "कान आहेत की भोकं?" हेही ऐकून घेतलं (ते बरोबर ऐकू येतं!), पण या चार शब्दांची सवय अजून झालेली नाही.

श्रवणयंत्राबद्दल एक गैरसमज: ते चष्म्यासारखं नसतं. चष्मा लावला की दिसतं. यंत्र लावलं तेव्हा मला पहिल्यांदा ऐकू आला तो कागदाचा चुरचुराट आणि भांड्यांचा कानठळ्या बसवणारा खणखणाट. विसरलेले आवाज मेंदूला पुन्हा ओळखीचे व्हायला काही आठवडे जातात. पहिल्या चार दिवसांत वैतागून किती यंत्रं कपाटात जात असतील! तसं करू नका, ते पुन्हा जुळवून घ्यायला जा.

दर वर्षी 3 मार्चला, जागतिक श्रवण दिनाला, आकडे फिरतात: जगात 43 कोटींहून अधिक लोकांना श्रवणदोषासाठी उपचार किंवा मदतीची गरज आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आकडा लक्षात राहिला नाही तरी चालेल, हे मात्र ठेवा: एका कानाने अचानक, एखाद-दोन दिवसांत ऐकू येईनासं झालं तर मळ असेल म्हणून तेल घालत बसू नका. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. त्यात उपचार लवकर सुरू होणं फार महत्त्वाचं असतं.

जन्मापासून न ऐकू येणारे, खाणाखुणांच्या भाषेत वाढलेले लोक याबद्दल वेगळं सांगतील. त्यांची ती पूर्ण भाषा आहे. त्यांच्या वतीने मी बोलणार नाही.

माझा भाचा आता बोलण्याआधी टेबलावर दोनदा टकटक करतो, मी वर पाहिलं की मगच सुरू करतो. विनोद असेल तर आधी सगळा सांगतो, मग हसतो. त्याचे विनोद किती भिकार असतात, हे मला आत्ता आत्ता कळायला लागलंय.