ओहायोत ५७ टक्के जिंकतात, फ्लोरिडात हरतात

निनादची बहीण ओहायोत कोलंबसला असते, त्यामुळे तलावपाळीच्या कट्ट्यावर अमेरिकेतल्या गर्भपाताच्या मतदानाचा विषय बहुतेकदा त्याच्याकडूनच निघतो. परवा सुहासने त्याला मध्येच तोडलं.

"यात चुकीचं काय आहे? २०२२ च्या जूनमध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने देशभर गर्भपाताचा हक्क देणारा 'रो विरुद्ध वेड'चा जुना निकाल रद्द केला आणि सांगितलं, आता राज्यांत काय ते ठरवा. लोक ठरवतायत. लोकशाही ती हीच ना?"

"लोकांना ठरवू दिलं असतं तर मी कशाला बोललो असतो?" निनाद म्हणाला आणि त्याने २०२३ सालचं ओहायो सांगायला घेतलं.

गर्भपाताचा हक्क राज्याच्या घटनेत घालायचा, म्हणून तिथल्या कार्यकर्त्यांनी सह्यांची मोहीम काढली. चार लाख तेरा हजारांच्या आसपास सह्या लागत होत्या, त्यांनी सात लाखांहून जास्त आणून दिल्या. मतदान नोव्हेंबरात होणार होतं. तर विधिमंडळाने ऑगस्टमध्येच दुसरं मतदान लावलं: यापुढे घटनादुरुस्तीला साधं बहुमत पुरणार नाही, ६० टक्के मतं लागतील. सह्याही मग ४४ ऐवजी सगळ्या ८८ काउंट्यांमधून, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांमधून आणायच्या. ऑगस्टमध्ये मतदार फिरकत नाहीत म्हणून याच विधिमंडळाने काही महिन्यांपूर्वी त्या महिन्यातल्या बहुतेक निवडणुका बंद केल्या होत्या! तरी लोक आले, आणि ५७ टक्क्यांनी तो प्रस्ताव पाडला. नोव्हेंबरात हक्काची दुरुस्ती मंजूर झाली तीही सुमारे ५७ टक्क्यांनीच. म्हणजे ऑगस्टमध्ये जमलं असतं, तर नोव्हेंबरात बहुमत मिळूनही हार होती.

सुहास मागे हटला नाही. "घटना आहे ती, सोसायटीचे पोटनियम नव्हेत. आपल्या संसदेतही घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश मतं लागतात. घटना बदलणं अवघडच असायला हवं."

या मुद्द्यात दम आहे आणि मी तसं म्हटलंही. पण अट आधीपासून असणं वेगळं आणि सह्या गोळा होत असताना ती वाढवायला निघणं वेगळं. दुसरं म्हणजे अट जुनी असली की ती न्याय्यच, असंही नाही. फ्लोरिडात ६० टक्क्यांचा नियम २००६ पासून आहे, आणि तो नियम ज्या मतदानात आला त्यात त्याला स्वतःला ५८ टक्केही मतं पडली नव्हती. २०२४ मध्ये तिथे गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने ५७ टक्के मतं पडली. प्रस्ताव पडला आणि सहा आठवड्यांनंतरची बंदी कायम राहिली.

इथे वैशाली बोलली. ती प्रसूतिगृहात नर्स आहे. "सहा आठवडे कुठून मोजतात, माहितीये? शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणजे पाळी चुकल्यावर हातात राहतात दोन आठवडे. ज्यांची पाळी आधीच मागेपुढे होते, त्यांना तर तोवर शंकासुद्धा येत नाही. त्यात चाचणी करायची, घरी बोलायचं, डॉक्टर गाठायचा. कधी?"

यावर सुहास काही बोलला नाही. निनादने मिझुरीचा विषय काढला. तिथे २०२४ मध्ये ट्रम्प यांना ५८ टक्क्यांवर मतं मिळाली आणि त्याच दिवशी गर्भपाताच्या हक्काची दुरुस्तीही जवळपास ५२ टक्क्यांनी मंजूर झाली. दोन्हीकडे होकार देणारे हजारो असणारच. त्याआधी २०२२ मध्ये कॅन्ससने, तेही ट्रम्प यांच्या, एरवी गर्भपाताला विरोध करणाऱ्या रिपब्लिकन पक्षाचं राज्य, हक्क काढून घेणारी दुरुस्ती ५९ टक्क्यांनी नाकारली होती. मला या मोहिमांमधलं हेच मोलाचं वाटतं. पक्ष बाजूला ठेवून नुसता प्रश्न विचारला की माणसं वेगळं उत्तर देतात. पण मिझुरीच्या विधिमंडळाला ते मान्य नाही. ही दुरुस्ती रद्द करायचा प्रस्ताव २०२६ च्या मतपत्रिकेवर ठेवायचं त्यांनी २०२५ मध्येच ठरवलं.

"मुळात हे मताला टाकावंच का?" वैशालीचा आवाज चढला होता. "निनादच्या बहिणीकडे ग्रीन कार्ड आहे, तिला मत नाही. कायदा मात्र तिलाही लागू."

"मग आपल्यासारखं करायचं?" सुहास म्हणाला. "१९७१ ला संसदेने कायदा केला, कुणाला दारोदार सह्या मागाव्या लागल्या नाहीत."

"हो, पण आपल्याकडे बाईने नुसतं ठरवून भागत नाही. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, पुढे चोवीसपर्यंत दोघांचं, तेही ठरावीक कारणांसाठी. ज्या बाईला डॉक्टर नाही म्हणतो, तिची समजूत घालणं माझ्या वाट्याला येतं."

माझं मत वैशालीच्या बाजूला झुकतं. हक्क दर दोन वर्षांनी मोजायला घेऊ नयेत. पण न्यायालयाने दार लावल्यावर ओहायोतल्या लोकांच्या हाती सह्यांचे कागदच उरले होते. ते त्यांनी वापरले, याबद्दल मला मनापासून आदर आहे.

सुहासने शेवटी परत तेच विचारलं, "म्हणजे लोकांनी ठरवलेलं चालतं ना तुम्हाला?"

"चालतं," निनाद म्हणाला, "पण टेक्सासमध्ये ठरवणार कसं? तिथे जवळपास संपूर्ण बंदी आहे, आणि नागरिकांनी सह्या जमवून प्रश्न मतपत्रिकेवर नेण्याची सोयच नाही."

"मग आमदार बदलायचे."

"आणि ते बदलेपर्यंत," वैशालीने विचारलं, "आज जिची पाळी चुकलीये तिने काय करायचं?"