गिरणीचा पट्टा आणि आमची भाजणी

गिरणीचा पट्टा आषाढात तुटत नाही. तो दिवाळीच्या आठवड्यात, चकलीच्या भाजणीचे डबे दारापर्यंत लागले की तुटतो.

तसा तो पावसाळ्यापासून सांगतच होता. मोटर सुरू झाली की किंचाळायचा. जळक्या रबराचा वास यायचा. मालकांनी राळ चोळली, किंचाळणं थांबलं आणि राळेवर पीठ बसू लागलं. व्ही आकाराचा पट्टा पुलीच्या खाचेच्या दोन्ही कडा धरून चालतो. झिजून तळाला टेकला की नुसता घसरतो. पण दळण पडतंय ना, मग कोण वाकून बघतो?

तीन पट्ट्यांपैकी एक तुटला. मालक म्हणाले, "एकच आणू." फिटर म्हणाला, "मालक, तिन्ही बदला. जुने ताणून लांबलेत. नवा एकटाच सगळा भार ओढेल." कचेरीत नव्या कारकुनाचं होतं तेच. मला पटलं, पण पैसे माझे नव्हते, त्यामुळे माझ्या पटण्याला किंमत नव्हती.

आता माप. पट्ट्यावरचा नंबर पुसलेला. रांगेतले एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर सुतळी घेऊन पुढे सरसावले. त्यांनी तुटलेला पट्टा जमिनीवर आडवा करून वरच्या अंगानं इंच न् इंच मोजला आणि स्कूटरवाला म्हणून मला दुकानात पिटाळलं. आणलेले तिन्ही पट्टे ढिले! मोटर मागे सरकवत भिंतीला टेकवली तरी लोंबतच होते. फिटर शांतपणे म्हणाला, "काका, बी मापाच्या पट्ट्याचा नंबर आतल्या घेराचा असतो. बाहेरून पावणेतीन इंच जास्तच भरतात." मास्तर म्हणाले, "आमच्या वेळी असं नव्हतं."

दुसऱ्या फेरीत बरोबर पट्टे आले. फिटरनं मोटरचे बोल्ट ढिले करून पट्टे हातानं चढवले. पेचकसानं उचकटणाऱ्यांना त्यानं नाव न घेता चार शब्द सुनावले, मालक दुसरीकडे बघत होते. मग दोन्ही पुल्यांना सुतळी लावून त्या एका रेषेत घेतल्या.

गिरणी सुरू झाली, रांगेत टाळ्या पडल्या. तेवढ्यात फिटर म्हणाला, "नवे पट्टे आजच थोडे सैल होतील. पाचला बंद करून पुन्हा ताणायचे."

पाचला पाच मिनिटं असताना माझा नंबर आला. मी डबा उचलला, तोच मागून एक काकू पुढे आल्या. "अहो, माझं एवढंसंच आहे हो, आधी घालू का?"

त्यांच्यामागे त्यांचा मुलगा पोतं घेऊन उभा होता.