उद्याची रात्र

पुस्तक संपल्यावर रडू येतं ते शेवट दुःखद असतो म्हणून, हे एका लेखात वाचलेलं विधान मला पटलं नाही. 'श्यामची आई'तली प्रकरणं म्हणजे रात्री. गेल्या पावसाळ्यात लेकीला झोपताना रोज एक रात्र वाचून दाखवायचे. आई जाते हे मला माहीतच होतं, शाळेत असताना तिथे पोटभर रडलेय. या वेळी ते पान मी धड आवाजात वाचलं. मग शेवटची रात्र संपली, पुस्तक मिटलं, लेकीनं विचारलं, "उद्याची रात्र?" आणि मला हुंदका आवरेना.

साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात बसून लिहिलेला तो आवाज इतके दिवस आमच्या खोलीत होता, तो थांबला. सगळं गोड होऊन संपणाऱ्या कादंबऱ्यांनंतरही मी अशीच रडलेय, त्याचं काय?