४५ दिवसांच्या सेतूने शाळेचं नुकसान भरून निघालं नाही

पालकांच्या ग्रुपवर अजूनही एक संदेश फिरतो: ‘कोविडमध्ये बुडालेला अभ्यास ४५ दिवसांच्या सेतू अभ्यासक्रमाने भरून निघाला, दहावीचा निकाल तर ९९.९५ टक्के लागला. पुन्हा साथ आली तरी एवढंच पुरेल.’ निकालाचा आकडा खरा आहे, पण बाकीचं काहीच टिकत नाही.

सेतू १ जुलै २०२१ला सुरू झाला. मुंबईत आठवी ते बारावीचे वर्ग उघडले ४ ऑक्टोबरला, पहिली ते सातवीचे १५ डिसेंबरला. म्हणजे इथे सेतू मोबाइलवरच उरकला. घरात एकच फोन आणि तो कामावर जाणाऱ्याच्या खिशात, तिथे तो पोचलाच नाही. जून २०२०मध्ये पहिलीत नाव घातलेलं मूल वर्गात पहिल्यांदा बसलं ते दुसरीत, आणि जानेवारीत शाळा पुन्हा बंद झाल्या. सेतू म्हणजे मागच्या इयत्तेची उजळणी. या मुलांना ती इयत्ता मिळालीच नव्हती.

निकालाचं म्हणाल, तर २०२१ची दहावीची परीक्षा रद्द झाली होती. गुण नववीच्या निकालावरून आणि शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनावरून दिले. मुलांना काय येतं, हे त्यातून कळत नाही.

मग पुरेल काय? शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून तोंडी तपासावं: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट; गणितात संख्याओळख, हातच्याची वजाबाकी, भागाकार. एका मुलाला पाच मिनिटं धरली तर चाळीस जणांना तीन तास वीस मिनिटं लागतात, म्हणून तीन दिवसांत वाटून घ्यावं. उतारा पाठ्यपुस्तकातला नको. मुलं तो पाठ म्हणतात आणि वाचता येतं असं वाटतं. नंतर तिसरी ते पाचवीचे गट इयत्तेने न करता पातळीने करून रोज दीड तास शिकवावं. त्यासाठी तिन्ही वर्गांच्या वेळापत्रकात तो तास एकाच वेळी हवा; बहुतेक शाळांत गाडी इथेच अडते. सकाळ-दुपार अशा दोन पाळ्यांत शाळा भरणाऱ्या इमारतीत शाळा सुटल्यावर खोली मिळत नाही, त्यामुळे हा दीड तास शाळेच्या वेळेतूनच काढावा लागतो. त्या काळात शिक्षकांना सर्वेक्षणाच्या कामाला जुंपलं, तर गट पंधरवड्यात मोडतात.

गावी गेलेली आणि भाड्याची खोली बदलून दुसऱ्या वॉर्डात गेलेली मुलं पटावरून निसटतात. दाखल्यासोबत मुलाची वाचनपातळीही नव्या शाळेला कळवावी. दाखला नसला तरी प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यात ते स्पष्ट आहे.