ईईजीवरून औषध ठरवण्याबाबत
ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख) काढला की नैराश्यावर कोणती गोळी लागू पडेल हे आधीच कळेल, हे तुमच्याकडे छापून आलेल्या लेखातले विधान घाईचे वाटते. अमेरिकेतील ‘एम्बार्क’ चाचणीत सर्ट्रालीन हे नैराश्यावरचे औषध घेणाऱ्यांबरोबर प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली दिखाऊ गोळी, घेणारा गटही होता, म्हणूनच २०२० साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या ईईजी-विश्लेषणाला वजन आहे. औषधाविनाही ज्यांना उतार पडला असता असे रुग्ण वेगळे काढल्याशिवाय मेंदूच्या लहरींनी औषधाचा गुण ओळखला असे म्हणताच येत नाही. नेमका हाच मुद्दा लेखातून सुटला आहे.

माझ्या धाकट्या बहिणीला पहिली गोळी लागू पडत नाही हे कळायलाच कित्येक आठवडे गेले आणि त्या काळात चहाचे आधण आटून जाईपर्यंत ती ओट्याशी नुसती उभी असायची. म्हणून ही तपासणी लवकर यावी असे मला मनापासून वाटते. मात्र ती अजून प्रत्यक्ष उपचारात वापरण्याजोगी नाही, असा निष्कर्ष अनेक अभ्यासांच्या २०१९ च्या एका एकत्रित आढाव्याने काढला होता, तोही वाचकांना सांगायला हवा होता.