एल्फाबाचा जोडीदार ठरवताना ग्लिंडाचे काय?

‘विकेड: फॉर गुड’ या चित्रपटाच्या चाहत्यांच्या एका गटात आज सकाळी कोणीतरी लिहिले की, एल्फाबा आणि ग्लिंडा या त्यातल्या दोन मैत्रिणींमध्ये प्रेम पाहणाऱ्यांनी आधी स्वतःच्या डोक्यावर उपचार करून घ्यावेत. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती आणि त्या रांगेत माझ्या मित्रयादीतील दोघे-तिघे दिसले, म्हणून हे लिहिते आहे.

एल्फाबा आणि राजपुत्र फियेरो ही जोडी ज्यांना आवडते त्यांच्याशी माझे वैर नाही. फियेरो झालेला जोनाथन बेली पडद्यावर आला की अर्धे चित्रपटगृह सुस्कारे टाकते, हे मी समजू शकते. त्यांच्या युगुलगीतातील एल्फाबाच्या विणलेल्या स्वेटरची जेवढी चर्चा झाली तेवढी ओझ या जादूच्या देशातून परागंदा होणाऱ्या बोलक्या प्राण्यांची झाली नाही, हेही सोडून देऊ.

मी हा चित्रपट वहिनींबरोबर पाहिला. ज्यावर तो बेतला आहे ते ब्रॉडवेवर २००३ पासून चाललेले संगीतनाट्य त्यांना ठाऊक नव्हते आणि पहिला भागही त्यांनी पाहिलेला नव्हता. मध्यंतरात त्यांनी मला विचारले, “अगं, या दोघीच एकमेकींसाठी एवढ्या झुरताहेत, तर तो राजपुत्र मध्ये कशाला?” कोणत्याही गटात नसलेल्या, कोणत्याही जोडीचा झेंडा न घेतलेल्या बाईला जे तासाभरात दिसले, ते पाहणाऱ्यांना तुम्ही आजारी ठरवता?

यावर काही जण मूळ पुस्तकाचा दाखला देतात. ग्रेगरी मॅग्वायर यांच्या १९९५च्या कादंबरीतील फियेरो विवाहित आहे, त्याला मुलेबाळे आहेत, एल्फाबाशी त्याचे संबंध चोरटे आहेत आणि शेवटी एल्फाबा खरोखरच मरते. ते ‘मूळ’ हवे असेल तर ते सगळेच घ्या. आणि डोक्याच्या उपचारांविषयी बोलायचेच असेल तर एल्फाबाची बहीण नेसारोज आणि तिला आवडणारा बॉक यांच्याविषयी बोला. ज्याचे मन दुसरीवर आहे तो निघून जाऊ नये म्हणून ती राज्यकर्ती झाल्यावर आपल्या प्रदेशातील मंचकिन लोकांचे येणे-जाणेच बंद करते, आणि त्या जोडीविषयी त्या गटात एक ओळही नाही.

फियेरोने एल्फाबासाठी मार खाल्ला आणि पुढे बुजगावणे होऊन जगला. ते प्रेम नव्हे असे म्हणण्याची माझी छाती नाही. नाटकाचाही शेवट हाच आहे आणि तो बदलला असता तर मीच कुरकुर केली असती, हेही मान्य.

परंतु वहिनींचा दुसरा प्रश्न मला अजून सोडत नाही. सर्वांनी मेली असे मानलेली एल्फाबा जिवंत आहे, फियेरोबरोबर ओझ सोडून निघाली आहे, हे पडद्यावर उलगडताच आमच्या मागच्या रांगेत टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्यांमध्येच वहिनी म्हणाल्या, “आणि त्या दुसरीला कोण सांगणार?” कोणीच सांगत नाही. जिचे फियेरोशी होणारे लग्न भर मांडवात मोडले, ती ग्लिंडा मैत्रीण मेली असे समजून त्याच लोकांसमोर उभी राहते, जे त्या मरणाचा उत्सव करत आहेत. ग्लिंडा झालेल्या अरियाना ग्रांडेचा तेव्हाचा चेहरा पाहून ‘आमची जोडी जिंकली’ असे कोणाला कसे सुचते, हे मला खरोखर कळत नाही. वहिनी तर एल्फाबावरच रागावल्या होत्या, आणि तो राग मला त्या टाळ्यांपेक्षा अधिक प्रामाणिक वाटला.

दिग्दर्शक जॉन एम. चू यांनी चित्रपटाची शेवटची चौकट फियेरोला दिलेली नाही. तिथे दोघी आहेत, एक दुसरीच्या कानात काही सांगते आहे, नाटकाच्या जुन्या भित्तिपत्रकातल्यासारखीच. तिला प्रेम म्हणा किंवा मैत्री म्हणा, मी भांडणार नाही. मात्र ती चौकट ज्यांना पुसून टाकायची आहे त्यांनी माझ्या भिंतीवर येऊन वैद्यकीय सल्ले देऊ नयेत. फियेरोच्या बाजूने लिहायचे असेल तर अवश्य लिहा, मी वाचेन, फक्त ग्लिंडाला का सांगितले नाही यावर लिहा, स्वेटरवर नको.